गणितातील संज्ञापन : उच्च प्राथमिक वर्गांतील विद्यार्थ्यांच्या बोलण्या-लिहिण्याचा विचार

गणित हा मुक्याने करावयाचा विषय आहे अशी एक समजूत आपल्या शाळांतून दीर्घकाळ चालत आली आहे. भाषेच्या तासाला मुलाने बोलावे, इतिहासाच्या तासाला सांगावे, आणि गणिताच्या तासाला मात्र खाली मान घालून उदाहरणे सोडवावीत, ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे सहसा कोणास वाटत नाही. उत्तर जुळले की काम संपले. ते कसे आले हे विचारण्याचा प्रसंग बहुधा उत्तर चुकले म्हणजेच येतो. ही समजूत कितपत टिकणारी आहे, आणि इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ती विशेष अपायकारक का ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

‘संज्ञापन’ हा शब्द येथे व्यापक अर्थाने घेतला आहे. मुलाने आपली रीत बोलून सांगणे, लिहून मांडणे, आकृतीने दाखविणे, दुसऱ्याचे म्हणणे ऐकून त्यावर शंका काढणे, आणि शाब्दिक उदाहरण वाचून त्याचे चिन्हांत रूपांतर करणे, या सर्व गोष्टी त्यात येतात. अमेरिकेतील गणितशिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांत संज्ञापनास स्वतंत्र स्थान दिले व २००० च्या सुधारित मानकांत ते कायम ठेवले. आपल्याकडे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या निमित्ताने गणिताध्यापनावर जो आधारनिबंध तयार झाला, त्यातही समस्या-परिहार, अंदाज, सिद्धता इत्यादी प्रक्रियांच्या बरोबरीने गणितीय संज्ञापनाचा उल्लेख आहे. अर्थात् उल्लेख होणे वेगळे आणि वर्गात उतरणे वेगळे.

प्रथम एका प्रसिद्ध उदाहरणाकडे वळू. १९७३ मध्ये स्टॅन्ली अर्लवांगर या संशोधकाने बेनी नावाच्या बारा वर्षांच्या, सहावीतील एका अमेरिकी मुलाशी झालेल्या मुलाखतींचे विवरण प्रसिद्ध केले. बेनीच्या शाळेत गणित वैयक्तिक कार्यक्रमाने शिकविले जात असे. प्रत्येक मुलाने आपल्या गतीने कार्यपुस्तिका सोडवावयाच्या, उत्तरे उत्तरसूचीशी ताडून पाहावयाची, चाचणीत शेकडा ८० गुण मिळाले की पुढील घटक घ्यावयाचा, अशी ती पद्धत होती. या पद्धतीत बेनी पुढे होता व शिक्षिकेच्या दृष्टीने तो चांगल्या विद्यार्थ्यांपैकी एक होता. अर्लवांगरने त्याला बोलते केले तेव्हा निराळेच चित्र दिसले. २/१० हा अपूर्णांक दशांशात लिहावयाचा तर २ आणि १० यांची बेरीज १२, म्हणून उत्तर १.२, त्याच न्यायाने ५/१० म्हणजे १.५, आणि.३ व .४ यांची बेरीज .०७, कारण दोन्ही संख्यांत मिळून दोन दशांशचिन्हे आहेत, तेव्हा उत्तरातही चिन्हापुढे दोन स्थळे हवीत! बेनीचे हे नियम लहरी नव्हते. ते त्याने स्वतः रचले होते, सुसंगतपणे वापरले होते, आणि त्यांचे समर्थनही तो आत्मविश्वासाने करीत असे. त्याच्या मते गणित म्हणजे कोणीतरी पूर्वी ठरवून ठेवलेल्या नियमांचा संग्रह होता, आणि विद्यार्थ्याचे काम उत्तरसूचीला मान्य असलेले रूप हुडकून काढणे एवढेच.

या उदाहरणाचा अर्थ पुष्कळदा ‘वैयक्तिक कार्यक्रम वाईट’ इतकाच लावला जातो. तो अपुरा आहे. बेनीच्या मनात काय चालले आहे हे त्या वर्गात कोणालाही कळण्याचा मार्ग नव्हता, कारण त्याला ते सांगण्याचा प्रसंगच येत नव्हता. उत्तर हे एकच माध्यम उरले की योग्य विचार आणि अयोग्य विचार यांतील भेद पुसला जातो. पन्नास-साठ मुलांच्या आपल्या वर्गात कार्यपुस्तिकेऐवजी फळा असतो एवढाच फरक. शिक्षकाने ‘समजले का?’ असे विचारावे आणि सर्व वर्गाने ‘हो’ म्हणावे, हा संवाद नव्हे. मेरी बड रो यांनी १९७४ मध्ये दाखविल्याप्रमाणे प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरीने जेमतेम एक सेकंद थांबतात. ही विश्रांती तीन सेकंदांपर्यंत वाढविली की मुलांची उत्तरे लांबतात व अधिक विचारपूर्वक होतात. इतका स्वस्त उपाय शिक्षणशास्त्रात क्वचितच सापडतो, आणि इतका दुर्लक्षितही.

संज्ञापनाचा अडसर नेमका कोठे येतो, हे ठरविण्याचे एक साधन ऑस्ट्रेलियातील ॲन न्यूमन यांनी १९७७ मध्ये पुढे मांडले. शाब्दिक उदाहरण सोडविताना विद्यार्थ्याला पाच पायऱ्या ओलांडाव्या लागतात : मजकूर वाचणे, त्याचा अर्थ लावणे, अर्थावरून योग्य क्रिया निवडणे, ती क्रिया करणे, आणि आलेले उत्तर प्रश्नाला धरून मांडणे. न्यूमन यांनी सहावीतील गणितात मागे असलेल्या मुलांच्या चुका या क्रमाने तपासल्या, तेव्हा सुमारे निम्म्या चुका आकडेमोड सुरू होण्यापूर्वीच झालेल्या आढळल्या. ज्या मुलाला उदाहरणात काय विचारले आहे हेच उमगलेले नाही, त्याला भागाकाराचा आणखी सराव देऊन काय साधणार? तरीही ‘कच्च्या’ मुलासाठी आपला ठरलेला उपाय सरावाचाच असतो. न्यूमन यांची मुलाखत साधी आहे : उदाहरण मोठ्याने वाच, काय विचारले आहे ते तुझ्या शब्दांत सांग, कोणत्या रीतीने करशील, आता करून दाखव व करताना बोलत राहा, उत्तर लिही. प्रशिक्षणार्थी शिक्षकांनी एका तरी मुलाची अशी मुलाखत घ्यावी. एका मुलाखतीत जे कळते ते गठ्ठाभर उत्तरपत्रिकांतून कळत नाही.

आता चिन्हांच्या भाषेकडे येऊ. बरोबरीचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ मध्ये प्रथम छापले. ‘च्या बरोबर आहे’ असे पुनःपुन्हा लिहिण्याचा कंटाळा टाळावा हा त्याचा हेतू होता, आणि दोन समांतर, समान लांबीच्या रेघांइतक्या सारख्या दुसऱ्या कोणत्याही दोन वस्तू असू शकत नाहीत हे त्याने दिलेले कारण. म्हणजे मुळात हे चिन्ह एका पूर्ण वाक्याचे क्रियापद आहे. पाच वर्षे ‘८ + ४ =’ अशीच उदाहरणे सोडविलेल्या मुलाला मात्र ते क्रियापद न वाटता ‘उत्तर लिही’ अशी आज्ञा वाटते. ८ + ४ = □ + ५ या विधानातील चौकटीत कोणती संख्या येईल, असा प्रश्न अमेरिकेत सहावीच्या १४५ विद्यार्थ्यांना विचारला असता एकानेही ७ हे उत्तर दिले नाही, असे फॉकनर, लेव्ही व कार्पेंटर यांनी १९९९ मध्ये नमूद केले आहे. बहुतेकांनी १२ लिहिले, काहींनी १७.

मराठीत ही अडचण आणखी एका कारणाने गुंतागुंतीची होते. ‘बरोबर’ हा आपला शब्द तीन कामे करतो. ‘दोन्ही बाजू बरोबर आहेत’ येथे तो समानतेचा वाचक आहे. ‘तुझे उत्तर बरोबर आहे’ येथे अचूकतेचा. आणि ‘माझ्याबरोबर चल’ येथे साहचर्याचा. शिक्षक फळ्यावर लिहिता लिहिता ‘बारा अधिक आठ बरोबर?’ असे विचारतात तेव्हा पहिला अर्थ मागे पडून ‘आता उत्तर सांगा’ एवढेच उरते. मग १२ + ८ = २० × ३ = ६० − ५ = ५५ अशी साखळी वहीत उमटते. मुलाचे अंतिम उत्तर अचूक असते. पण त्याने लिहिलेले वाक्य वाचले तर १२ + ८ ची किंमत ५५ आहे असा त्याचा अर्थ होतो. बहुतेक परीक्षक याला पूर्ण गुण देतात. अंकगणितापुरते हे खपून जाते. सातवी-आठवीत ३क्ष + ५ = २क्ष + ९ असे समीकरण समोर येते, दोन्ही बाजूंस ‘करावयाचे’ काहीच नसते, आणि तेव्हा हे जुने दुर्लक्ष व्याजासह वसूल होते.

या वयोगटाचे महत्त्व येथेच आहे. अंकगणितातून बीजगणिताकडे जाण्याचा हा काळ. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात राखी बॅनर्जी व के. सुब्रमण्यम यांनी सहावीच्या विद्यार्थ्यांसमवेत केलेले काम या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पदावली सोडवावयास घेण्यापूर्वी तिच्यातील पदे चौकटींत वेगळी करावयाची, प्रत्येक पद त्याच्या चिन्हासह पाहावयाचे, आणि दोन पदावल्या समान आहेत की नाहीत हे किंमत न काढता सांगावयाचे, अशी त्यांची रीत होती. १९ − ७ + ४ आणि १९ + ४ − ७ समान का, आणि १९ − ४ + ७ त्यांच्या समान का नाही, हे मुलाला ‘−७ हे पद दोन्हीकडे आहे’ अशा शब्दांत सांगता येऊ लागते. ‘पद’ हा एक शब्द हाती आला म्हणजे जे पूर्वी बोटाने दाखवावे लागे ते बोलता येते, आणि बोलता आले म्हणजे त्यावर वाद घालता येतो.

भाषेच्या रचनेचा चिन्हांकित मांडणीवर होणारा परिणाम क्लेमंट, लॉकहेड व मंक यांनी १९८१ मध्ये तपासला. ‘या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत’ या आशयाच्या इंग्रजी वाक्याचे समीकरण त्यांनी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना लिहावयास सांगितले. शेकडा ३७ विद्यार्थी चुकले, आणि चुकलेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश विद्यार्थ्यांनी संबंध नेमका उलटा लिहिला; विद्यार्थिसंख्या व आणि प्राध्यापकसंख्या प मानल्यास ६व = प. याची दोन कारणे सुचविली गेली. एक, इंग्रजी वाक्यातील शब्दक्रम जसाच्या तसा चिन्हांत उतरविणे. दुसरे अधिक खोल : सहा विद्यार्थ्यांसमोर एक प्राध्यापक असे चित्र मनात उभे राहते, आणि ‘६व’ याचा अर्थ ‘विद्यार्थिसंख्येची सहापट’ असा न होता ‘सहा विद्यार्थी’ असा होतो, अक्षर संख्येचे न राहता वस्तूचे नाव बनते.

येथे मराठीचा विचार केल्यास एक मनोरंजक गोष्ट ध्यानात येते. ‘विद्यार्थ्यांची संख्या प्राध्यापकांच्या संख्येच्या सहापट आहे’ या मराठी वाक्याचा शब्दक्रम व = प × ६ असाच आहे. त्यामुळे शब्दक्रमाच्या मागे जाणारा विद्यार्थी येथे चुकत नाही. याउलट ‘दर एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी आहेत’ असे म्हटले, की शब्दक्रम आणि मनातील चित्र दोन्ही मिळून मुलाला १प = ६व या चुकीकडे ढकलतात. एकाच आशयाची ही दोन वाक्ये दोन तुकड्यांना देऊन उत्तरे ताडून पाहिली, तर इंग्रजीत एकमेकांत मिसळलेली दोन कारणे मराठीत वेगळी करता येतील. पदव्युत्तर प्रबंधिकेला हा विषय पुरेसा आहे, आणि त्याला फळा व खडू याखेरीज काही लागत नाही. परभाषेतील निष्कर्ष जसेच्या तसे उचलून आपल्या मुलांना लावू नयेत, याचेही हे एक प्रमाण होय.

परिभाषेबद्दल मतभेद पुष्कळ आहेत. संस्कृतोद्भव संज्ञा कठीण म्हणून त्या काढून टाकाव्यात हे मत प्रस्तुत लेखकास मान्य नाही. अडचण संज्ञेची नसून ती अर्थावाचून वापरली जाण्याची आहे. ‘लसावि’ आणि ‘मसावि’ हे दोन शब्द घ्या. ही आद्याक्षरे आहेत हे सातवीतील किती मुले सांगू शकतील? जी सांगतात त्यांचीही पंचाईत होते. ‘लघुतम’ ते लहान आणि ‘महत्तम’ ते मोठे असले पाहिजे या समजुतीने १२ आणि १८ यांचा लसावि ६ व मसावि ३६ असे ती उलटे लिहितात. लघुतम सामाईक ‘विभाज्य’ आणि महत्तम सामाईक ‘विभाजक’ यांतील शेवटचा शब्दच खरा महत्त्वाचा, आणि संक्षेपात त्याचे एकच अक्षर ‘वि’ दोहोंत समान उरते! संक्षेपाने सोय झाली, पण अर्थाची वाट बंद झाली.

अपूर्णांकांच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलट आहे. तेथे घरची भाषा समृद्ध आणि शाळेची भाषा दरिद्री. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे ही शब्दसंपत्ती मराठी मुलाला बाजारातून व घड्याळातून सहज मिळते. पूर्वी पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी ही कोष्टके पाठही करवून घेत. शाळेत मात्र ३/४ चे वाचन ‘तीन छेद चार’ असे होते. या वाचनात एक संख्या ऐकू न येता दोन संख्या आणि त्यांमधील एक रेघ ऐकू येते; मग १/२ + १/३ = २/५ असे अंशात अंश व छेदात छेद मिळविण्याचा मोह मुलाला झाला तर नवल नाही. ‘अर्ध्यात आणखी काही मिळविल्यावर अर्ध्याहून कमी कसे होईल?’ हा प्रश्न घरच्या भाषेत विचारता येतो. छेदाच्या भाषेत तो सुचतच नाही. शिवाय ‘सव्वा’ या शब्दात अपूर्णांकाच्या शिक्षणाचे मर्मच दडलेले आहे. सव्वापाच म्हणजे पाच आणि एकाचा पाव. सव्वाशे म्हणजे शंभर आणि शंभराचा पाव. सव्वा लाखात तोच पाव पंचवीस हजारांचा होतो. ‘पाव, पण कशाचा?’ ही चर्चा सहावीच्या वर्गात दहा मिनिटे झाली तर अपूर्णांक हा नेहमी कशाचा तरी भाग असतो ही गोष्ट व्याख्येवाचून मनात ठसते. संख्यावाचनाचा वाद २०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकातील ‘वीस एक, वीस दोन’ या पर्यायावरून महाराष्ट्रभर गाजला. पंचेचाळीस ऐकून ५४ लिहिणाऱ्या मुलांची अडचण खरी होती. दुर्दैवाने चर्चा भाषेच्या अस्मितेवर गेली आणि मूल बाजूला राहिले.

स्पष्टीकरण करणे म्हणजे काय, हेही मुलांना शिकवावे लागते. फ्रान्समधील निकोला बालाशेफ यांनी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या जोड्यांना बहुभुजाकृतीच्या शिरोबिंदूंवरून कर्णांची संख्या काढण्याची रीत शोधून ती इतर मुलांसाठी लिहून काढावयास सांगितले होते, आणि त्यांच्या समर्थनांच्या पायऱ्या १९८८ मध्ये मांडल्या. त्या आपल्या वर्गातल्या एका साध्या विधानावर लावून पाहू : दोन विषम संख्यांची बेरीज सम असते. एक मुलगा लिहितो, ३ + ५ = ८, ७ + ९ = १६, म्हणून खरे. दुसरी मुलगी म्हणते, लहान संख्यांवर विश्वास नाही; ती १३५७ + २४६९ = ३८२६ असे मुद्दाम मोठे उदाहरण घेते. हीदेखील तपासणीच आहे, पण विधान सगळीकडे लागू पडले पाहिजे ही जाणीव तिच्यात आहे. तिसरा सात खडे दोन-दोन करून मांडतो, एक उरतो. नऊ खड्यांतही एक उरतो. उरलेल्या दोघांची जोडी होते, ‘आणि कोणत्याही विषम संख्येत एकच उरणार’. चौथी मुलगी (२म + १) + (२न + १) = २(म + न + १) असे लिहून मोकळी होते. चौथे उत्तर सर्वांत श्रेष्ठ मानण्याचा प्रघात आहे. ते पाठ केलेले असेल तर तिसरे उत्तर त्याहून कितीतरी मोलाचे. कारण त्यातील सात ही संख्या केवळ प्रतिनिधी आहे, आणि ‘कोणत्याही’ या एका शब्दाने ते मूल सिद्धतेच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिले आहे.

आपल्या परंपरेत उपपत्तीला स्थान नव्हते असे म्हणणाऱ्यांनी कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांची लीलावतीवरील ‘बुद्धिविलासिनी’ ही १५४५ मधील टीका पाहावी. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास सूत्रे पद्यात सांगितली. ती का खरी आहेत हे टीकाकाराने गद्यात समजावून दिले. सूत्र आणि त्याचे विवरण ही जोडी पूर्वी एका विद्येची दोन अंगे होती. आपण सूत्रे ठेवली.

महाराष्ट्रात या सर्वांवर आणखी एक थर चढला आहे तो सेमी-इंग्रजी वर्गांचा. इतर विषय मराठीतून आणि गणित व विज्ञान इंग्रजीतून, या योजनेमागील पालकांची आकांक्षा समजण्यासारखी आहे. परंतु ज्या मुलाला ‘पंचमांश’ आणि त्याचा इंग्रजी प्रतिशब्द दोन्ही सारखेच परके आहेत, ते मूल रीत करून दाखवील, पण का असे विचारताच गप्प बसेल. त्याचे मौन अज्ञानाचे आहे की भाषेचे, हे शिक्षकास ओळखता येत नाही. जिल ॲडलर यांनी दक्षिण आफ्रिकेतील बहुभाषिक वर्गांविषयी २००१ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात शिक्षकांची ही कोंडी सविस्तर मांडली आहे. मुलाला घरच्या भाषेत विचार करू द्यावा तर परीक्षेची भाषा येत नाही, परीक्षेची भाषा धरावी तर विचार थांबतो. आणि शब्दांकडेच फार लक्ष वेधले तर गणित नजरेआड होते. हे विचार करण्याचे बोलणे आणि हे मांडून दाखविण्याचे बोलणे, असा भेद केला तर कोंडी थोडी सुटते. गटात चर्चा चालू असताना मूल मराठीत, बोलीत, अर्ध्या वाक्यांत बोलले तरी हरकत नसावी. फळ्यावर येऊन सांगताना मात्र त्याने पूर्ण वाक्य व नेमकी संज्ञा वापरण्याचा प्रयत्न करावा. पहिल्या प्रकारचे बोलणे बंद करून दुसऱ्या प्रकारचे मागणे म्हणजे पाया न घालता मजला चढविणे होय.

परीक्षेचा प्रश्न शेवटी येतोच. शिष्यवृत्ती परीक्षेतील बहुपर्यायी प्रश्नांनी मुलांच्या चपळतेची पारख होते, संज्ञापनाची होऊ शकत नाही. आणि ज्याला गुण नाहीत ते वर्गात शिकविले जाणार नाही, हे शिक्षकाला दोष न देता मान्य केले पाहिजे. घटक चाचणीत मात्र शाळेला मोकळीक असते. तेथे दर वेळी एकच प्रश्न असा घालता येईल, ज्याचे उत्तर आधीच छापलेले आहे : ‘एका मुलाने १/२ + १/३ = २/५ असे लिहिले. त्याचे कोठे चुकले ते त्याला पत्र लिहून समजाव.’ तपासताना तीन गोष्टी पाहाव्यात. चूक नेमकी दाखविली आहे काय. कारण दिले आहे की केवळ ‘समच्छेद करावा’ हा नियम सांगितला आहे. आणि ज्याला पत्र लिहिले त्याला ते वाचून कळेल काय. शुद्धलेखनाचे गुण येथे कापू नयेत. चाळीस पत्रे तपासावयास एक संध्याकाळ जाते. त्यांतील दोन-तीन पत्रे, नावे झाकून, दुसऱ्या दिवशी वर्गात वाचून दाखवावीत आणि कोणत्या पत्राने त्या मुलाची समजूत पटेल हे वर्गालाच ठरवू द्यावे.